शामरावांच्या जखमेतला जंतू

मी एक जंतू बोलतोय. डोळ्यांना न दिसणारा, जखमेत हिरवट पू धरवणारा. रायपूरच्या एका दवाखान्यात, कुणाच्या तरी न धुतलेल्या हातावरून मी शामराव इंगोल्यांच्या पाठीवर पोचलो.

शामराव सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यात भट्टीवर होते. निवृत्तीला चार महिने उरले असताना तापलेली राख अंगावर उडाली आणि पाठ भाजून निघाली.

माझ्या अंगावर सुईसारख्या बारीक नळ्या आहेत. आत बनवलेली विषारी प्रथिनं मी त्यांतून माणसाच्या पेशींत टोचतो. शामरावांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेवर धावून आल्या, त्या मी अशाच लुळ्या केल्या. डॉक्टरांनी तीनदा औषध बदललं. प्रत्येक वेळी माझे पुष्कळ भाऊबंद मेले, पण उरले ते आणखी निबर निघाले.

शेवटी शामराव मुलीला, मंजिरीला म्हणाले, "मले घरी ने न. इथं काहून ठेवून राहिली?"

"बाबा, दो दिन और. नई दवा आ रही है," ती म्हणाली.

नवं औषध नव्हतंच. ते तिला ठाऊक होतं, आणि मला वाटतं त्यांनाही. तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्याआधीच जखमेतून मला टिपून प्रयोगशाळेत नेलं होतं. तिथल्या गंधालीताई वेगळंच औषध शोधत होत्या. जंतूला मारायचं नाही, फक्त त्याच्या नळ्या बुजवायच्या; मग शरीर स्वतःच त्याचा समाचार घेईल. मला जपून ठेवायला त्यांनी मंजिरीची परवानगी मागितली. तिने बराच वेळ कागद हातात धरला, मग सही केली.

वर्षभराने एका भुकटीने काम केलं. माझी प्रथिनं आतच अडकून पडली. शेजारी ठेवलेल्या माणसाच्या पेशी जगल्या. गंधालीताई खुर्चीत बसून डोळे पुसत होत्या. पण उंदरांना तीच भुकटी दिली तेव्हा त्यांची यकृतं खराब झाली. काम थांबलं.

मागच्या महिन्यात मंजिरी विचारायला आली. ताईंनी काहीच लपवलं नाही. ती रागावली नाही. तो जंतू मला बघायचाय, एवढंच म्हणाली. ताईंनी शीतपेटीतून बर्फ धरलेली कुपी काढली.

"इस पे बाबा का नाम नहीं है?"

"नाव लिहिता येत नाही, मंजिरीताई. फक्त नंबर."

तिने तो नंबर दोनदा वाचला आणि निघून गेली.

आता मी उणे ऐंशी अंशांत पडून आहे. मेलो नाही, नुसता थांबलोय. बाहेर माझे भाऊबंद रोज नव्या जखमांत शिरत आहेत. पुढे कुणी मला इथून काढलंच, तर माझी कीव करू नका. माझ्या नळ्या बंद करायची युक्ती सापडेपर्यंत मला सोडू नका. आणि कुपीवरचा नंबर वहीत उतरवताना एकदा मनात म्हणा, शामराव इंगोले.