चहाचे दिवस

...हिरवाच. पेटीवरचा मसुरीच्या दाण्याएवढा तो दिवा सकाळपासून हिरवाच होता, आणि मबरूकाला आज पहिल्यांदाच त्याचा राग येत होता, कारण विवराच्या तोंडाशी पालथ्या पडलेल्या बा हम्मूने आतल्या भिंतीवरचा तळवा काढून घेतला, अंगरख्याला पुसला आणि म्हणाला, “आज नाही. चहा टाका.”

“बा हम्मू, दिवा हिरवा आहे हो!”

“असू दे की. त्याला म्हणावं, तूच उतर.”

दोघे खणकरी फिदीफिदी हसले. हसा!... विद्यापीठातली दोन वर्षं तिने या पेटीत घातली होती – वाळूखालच्या फोगाऱ्यात, त्या मैलभर लांब पाण्याच्या भुयारात, छत कोसळण्याआधी कण निसटतात ते ऐकणारी पेटी. दरवर्षी कुणीतरी आत उतरून वाळू उपसली नाही तर वाळवंटातल्या या तिमिमूनच्या खजूरबागा वाळणार. आणि बा हम्मू एकाहत्तरचा, त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, तरणी पोरं तर तोंडावर सांगतात – आधी जिवाची हमी द्या. ती हमी म्हणजे ही पेटी. उद्या राजधानीतून पाहुणे येणार, माणसं उतरून सुखरूप वर आलेली बघणार, मग अशा शंभर पेट्या...

फोन वाजला. विभागप्रमुख लखदर. “दिवा काय म्हणतो?”

“हिरवा. पण बा हम्मू –”

“म्हाताऱ्याला कशाला विचारता? उतरवा, चित्रण करा, मोकळ्या व्हा!”

आणि ती उठली, खरंच उठली, दोराला हातही घातला. बा हम्मूने चहाचा पेला पुढे केला. “दोन वर्षं तेच, पोरी. आम्ही चहा पितो आणि तू तोंड फुगवून पेटी उचलून घरी जातेस.”

पेटी उचलून... ती तशीच उभी राहिली. जमीन बिघडलेली असे त्या दिवशी हे चहा पीत, आणि ती वहीत ‘दिवस वाया’ लिहून, आळशी मेले म्हणत, पेटी उचलून घरी. म्हणजे पेटीने ऐकले, ज्यांवरून ती शिकली, ते सगळे बा हम्मूच्या तळव्याने हो म्हटलेले दिवस. वाईट जमीन पेटीने कधी ऐकलीच नाही! लाल कशाला म्हणतात हे तिला शिकवलं कुणी? मी नाही. आणि मी आत्ता या माणसाला खाली... तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, डोळ्यांना पाणी आलं.

तिने दोर पेटीला बांधला. “आज ही एकटीच उतरेल, बा हम्मू.”

“आता कसं बोललीस!”

मग तिने स्वतःच फोन लावला. “सर, आज कुणी उतरणार नाही, उद्याही नाही. पाहुण्यांना मी सांगते, आमच्या पेटीला फक्त चांगले दिवस कळतात.”

“डोकं फिरलंय का? दोन वर्षं पाण्यात घालणार?”

“आणखी दोन लागतील. चहाच्या दिवसांची.”

तिने फोन ठेवला. विभागात आपली जागा राहील की नाही – राहो न राहो. तिने पेटीतला आवाज ऐकायचं यंत्र कानाला लावलं. खणकऱ्यांनी दोराने सोडलेली पेटी खाली दगडावर टेकली. मग नुसती शांतता, त्या शांततेत कुठेतरी एक बारीक खरखर, थांबली, पुन्हा... ढासळ, ती मनात म्हणाली, एकदा तरी ढासळ, मी ऐकते आहे – आणि ज्या भुयारात हा माणूस जन्मभर रांगला त्याचंच आपण वाईट चिंततो आहोत हे तिला कळलं. पण कानावरचं यंत्र तिने आणखी घट्ट दाबून धरलं.