गव्हाचा नेम

"नेम ओठी आणू नये, मधू. पदराला बांधावा, गाठ कुणाला दाखवू नये." काशीच्या बालाजी घाटाच्या पायरीवर ओले केस पिळत मुक्ताआत्या म्हणाली होती. मधुवंती तेव्हा नऊ वर्षांची होती. आत्या गेली, तरी तो आवाज कानातच राहिला.

यंदा आषाढी एकादशीला मधुवंतीने बिंदुमाधवाच्या देवळात गहू सोडला, चार महिन्यांसाठी. मागणं एवढंच, की अंगात बळ येऊ दे. शाळेत मुलींना गाणं शिकवताना दुसऱ्या ओळीलाच तिचा श्वास संपायचा, घाट चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, जेवण झालं की पोट दुखायचं. नवऱ्याला, कुशलला वाढून झालं की "मी मागाहून बसते" म्हणायची आणि मुकाट्याने भात कालवायची.

आश्विनात डॉक्टरांनी रक्त तपासलं. मधुवंतीच्या मोठ्या बहिणीला सिलिॲक होता, गहू पचतच नाही असा आजार. हिलाही तोच असेल, अशी शंका.

"निगेटिव्ह! एकदम साफ!" दवाखान्याच्या जिन्यातच कुशल मोबाईलवर रिपोर्ट वाचत ओरडला. "उगीच घाबरलीस. खाली उतरलो की आधी कचौडी!"

मधुवंती हसली, पण जिना चढताना तिने कठडा सोडला नाही. साफ म्हणजे काहीच नाही. मग हा थकवा कुणाचा? आता सगळे म्हणणार, मनाचे खेळ आहेत.

डॉक्टर अंबिका घरच्यासारखं मराठी बोलायच्या, मधेच बनारसी हिंदीत घुसायच्या. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, चष्मा वर सारला.

"रिपोर्ट साफ आहे, पर मामला साफ नाही. हिमोग्लोबिन आठवरच अडलंय. आणि हे बघा, पोटात गहू जात असेल तरच या आजाराच्या खुणा रक्तात उमटतात. गहू बंद असेल, तर त्या हळूहळू पुसल्या जातात. रोग आत बसलेला आणि कागद कोरा, असंही होतं."

"मग?" कुशलचा आवाज उतरला.

"मग काही आठवडे माझ्या देखरेखीखाली रोज गहू खायचा, पुन्हा तपासायचं. लागलंच तर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घेऊन बघू. घाबरू नका. हाच आजार निघाला तर चांगलंच, औषध ताटातच आहे, गहू वगळला की झालं." त्या मधुवंतीकडे वळल्या. "पण आधी सांगा, पोळी रोज खाता ना?"

"हो तर!" कुशलच बोलला. "ढीगभर लाटते. आमच्या घरात गहू नाही असा दिवस नाही."

डॉक्टर लिहू लागल्या. पेन कागदावर टेकलं तशी मधुवंतीला पदराची गाठ आठवली. आत्याचा शब्द मोडायचा, देवापुढचा नेम ओठी आणायचा. पण पेन पुढे सरकत होतं.

"थांबा, डॉक्टर. ते लिहू नका." तिने कुशलच्या हातावर हात ठेवला. "रागावू नका हं. आषाढीपासून मी गव्हाचा कणही खाल्ला नाही. चातुर्मासाचा नेम आहे, कुणाला सांगितला नव्हता. आणि खरं सांगू? तेव्हापासून माझं पोट एकदाही दुखलं नाही."