हातांनी बोलणाऱ्या घरातला राउटर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. शिवणयंत्राच्या वरच्या फळीवर उभा असतो. मला दोन अँटेना आहेत आणि माझा रंग एके काळी पांढरा होता. तारेतून घरात येणारं इंटरनेट हवेतून फोनपर्यंत पोचवायचं आणि फोनमधलं परत तारेत सोडायचं, एवढंच माझं काम. काय पोचवतोय याच्याशी खरं म्हणजे मला देणंघेणं नसावं. पण इतकी वर्षं एकाच घरात काढल्यावर थोडंफार कळायला लागतंच.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. तिथे एकीने माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, दुसरीने झाकणाचे स्क्रू पिळले. तिसऱ्या माणसाने मला वीज देऊन पाहिली, माझे दिवे लागले तशी त्याने मान हलवली आणि मी खोक्यात गेलो. खोक्यातून निघालो तो थेट दुकानाच्या फळीवर.

माझ्या एका बाजूला आठ अँटेनांचा काळा राउटर होता. पाठीवर पडलेल्या कोळ्यासारखा दिसायचा. लोक आधी त्यालाच हात लावायचे. दुसऱ्या बाजूला हाताच्या पंजाएवढा, सगळ्यांत स्वस्त राउटर होता. मी मधला. मधल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, हे तुमच्यापैकी मधल्या भावंडांना सांगायला नको.

एके दिवशी दुकानात तिघं आली. एक आजोबा, एक आजी आणि त्यांची भाची. भाची बँकेत नोकरीला होती आणि त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. आजोबा आणि आजी दोघंही जन्मापासून ऐकू न येणारे. ते हातांनी बोलायचे, आणि भाची त्यांचं बोलणं तोंडाने बोलणाऱ्यांच्या जगात आणायची. आजोबांनी आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले होते. आजी शिवणकाम करायच्या. हातांच्या भाषेत प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं. आजोबांचं नाव अंगठ्याला बोट चोळून घ्यायचे, शाई पुसल्यासारखं. आजींचं नाव होतं बोटाच्या टोकावर टिचकी, कारण सुई टोचू नये म्हणून त्या बोटात कायम अंगुस्तान असायचं.

विक्रेत्याने सवयीने काळा कोळी पुढे केला. सिनेमे कसे झटक्यात दिसतात, एका वेळी किती फोन चालतात, हे तो सांगत राहिला. आजोबांनी शांतपणे किमतीची चिठ्ठी वाचली, मग भाचीकडे वळून एकच प्रश्न विचारला. भाची म्हणाली, "काका विचारतायत, फोनवर दिसताना हात तुटणार नाहीत ना?"

विक्रेत्याला काही उमगेना. गल्ल्यावर बसलेल्या बाई मात्र उठून आल्या. त्यांनी नीट विचारलं, तेव्हा भाचीने सगळं सांगितलं.

आजी-आजोबांची मुलगी दूरच्या शहरात, बहिऱ्या मुलांच्या वसतिगृहात काम करत होती. तीही ऐकू न येणारी. आई आणि मुलगी रोज फोनवर एकमेकींना बघून बोलायच्या. घरात इंटरनेटबरोबर फुकट मिळालेला राउटर होता, तो कधी चालायचा, कधी रुसायचा. चित्र अडकलं की हात हवेतच थांबायचे, भुवया पुसट व्हायच्या. हातांच्या भाषेत भुवयाही बोलतात. त्या दिसल्या नाहीत तर सवाल कुठला आणि जबाब कुठला ते समजत नाही.

एकदा आजींनी विचारलं होतं, सुट्टीत घरी कधी येतेस? मुलीने "मी" अशी खूण केली आणि चित्र अडकलं. सुटलं तेव्हा आजींना दिसलं, "येणार नाही." पुन्हा चित्र अडकलं. आजींनी फोन टेबलावर पालथा ठेवला. तुम्ही रागाने दार आपटता, तसंच ते. मुलीनेही मग फोन केला नाही. मायलेकी दोघी सारख्याच हट्टी. आजोबांनी लिहून विचारलं, तर मुलीचं उत्तर आलं, "हे लिहून सांगण्यासारखं नाही, बाबा. समोर दिसलात की सांगेन."

बाईंनी घर केवढं आहे ते विचारलं. खोल्या दोन, मधे एकच भिंत, फोनही दोनच. इंटरनेटची लाइन साधी. त्या म्हणाल्या, "मग एवढा मोठा घेऊन उपयोग नाही. नळालाच पाणी बेताचं येत असेल तर बादली कितीही मोठी घ्या, तेवढंच भरणार." सगळ्यांत स्वस्त राउटरही त्यांनी बाजूला सारला. तो एकाच लहरीवर चालतो आणि त्या लहरीवर शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी असते, असं त्यांनी समजावलं. मी दोन लहरींवर चालतो. एक लांब जाते पण सावकाश, दुसरी जवळपासच पोचते पण झपाट्याने. "फोन आणि हा एकाच खोलीत ठेवा. नाही जमलं तर परत आणा," असं म्हणून त्यांनी मला फळीवरून उचललं.

भाचीने घरी येऊन मला जोडून दिलं आणि ती कामाला गेली. माझे हिरवे दिवे लुकलुकायला लागले, आणि तिथेच घोटाळा झाला. या घरात दाराची घंटा म्हणजे एक दिवा होता. कुणी बटण दाबलं की तो लुकलुकायचा. त्यामुळे माझे दिवे चमकले की आजी शिवण सोडून दाराकडे बघायच्या. दोनदा उठून दार उघडूनही आल्या. शेवटी वैतागून त्यांनी माझ्यावर जाडसर कापड टाकलं आणि मला लोखंडी कपाटात ठेवून दार लावून घेतलं.

लोखंडातून माझ्या लहरी बाहेर जात नाहीत. आजोबांनी फोन लावून पाहिला तर मुलीऐवजी चौकोन चौकोन दिसले. आजींनी हातानेच सांगितलं, "हाही तसलाच. परत द्या."

आजोबांनी परत दिला नाही. त्यांनी कपाट उघडलं, कापड काढलं आणि मला हातात घेऊन घरभर फिरले. कोपऱ्यात ठेवून बघ, खिडकीत ठेवून बघ. दर वेळी फोनवर चित्र लावायचे आणि चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून बघायचे. छापखान्यात पहिली प्रत निघाली की ठसा कुठे फिका आलाय ते ते असेच बघत असणार. शेवटी शिवणयंत्राच्या वरची फळी त्यांच्या मनास आली. मग त्यांनी काळ्या कागदाची पट्टी कापली आणि फक्त माझ्या दिव्यांवर चिकटवली. हवेची भोकं मोकळी ठेवली.

त्या दिवशी दुपारी त्यांनी मुलीला फोन लावला आणि तो आजींच्या समोर, शिवणयंत्राला टेकवून ठेवला. आजींनी मान वळवली नाही, पण डोळे गेलेच. मुलीचा चेहरा स्वच्छ दिसत होता. हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसत होता.

आजींनीच सुरुवात केली. "येणार नाही म्हणालीस."

"पूर्ण बघितलंच नाहीस तू," मुलीचे हात म्हणाले. "मी म्हटलं, मी एकटी येणार नाही."

तिने बाजूला हात केला आणि एक छोटी मुलगी ओढून जवळ घेतली. चारेक वर्षांची असेल. मोठे डोळे, कपाळावर सरळ कापलेले केस. तीही ऐकू न येणारी. वसतिगृहात आली तेव्हा तिच्यासोबत कुणीच नव्हतं. आजींच्या मुलीने तिला आपली लेक म्हणून घ्यायचं ठरवलं होतं आणि रीतसर परवानगीही मिळाली होती.

आजींनी फोन जवळ ओढला आणि छोटीचा चेहरा नीट बघून घेतला. मग आजींनी विचारलं, "हिला काय काय बोलता येतं?"

"काहीच नाही. इथे येईपर्यंत हिच्याशी कुणी हातांनी बोललंच नव्हतं. मी बोलते, पण ही अजून उत्तर देत नाही."

आजींनी अंगुस्तान काढून ठेवलं, खिडकीचा पडदा सारून हातांवर उजेड येऊ दिला आणि डब्यातून एक लाल बटण काढलं. बटण दाखवायचं, मग बटणाची खूण. कात्री, मग कात्रीची खूण. छोटी एकटक बघत राहिली. हात मात्र हलले नाहीत.

रोज दुपारी हेच चालायचं. आजी शिवणकामाची गिऱ्हाइकं सकाळीच उरकायच्या. आजोबा मधे मधे तोंडं करून छोटीला हसवायचे आणि आजींचा ओरडा खायचे. डोळ्यांनी ओरडणं काय असतं ते मी तेव्हा पाहिलं. मी माझं काम करत होतो. एकही हात मधेच तुटू दिला नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे.

मग एका दुपारी आजींनी रिकामं रीळ बोटावर गरगर फिरवून दाखवलं आणि थांबल्या. छोटीने आपला हात वर घेतला. बोटं नीट वळली नव्हती, खूण वेडीवाकडी होती, पण तिघांनाही ती कळली. "पुन्हा."

आजींनी रीळ पुन्हा फिरवलं. मग पुन्हा. त्या दिवशी एक झबलं उलटंच शिवलं गेलं.

दिवस गेले. छोटीचे हात इतके सुटले की आजोबांना "हळू बोल" म्हणायची पाळी आली. मी मात्र सगळ्यांच्या अंगवळणी पडलो. माझ्यावर धूळ बसली, मग एक शिवलेला परकर आला, मग आणखी दोन. माझ्या पोटात उष्णता कोंडू लागली. एका कडक उन्हाच्या दुपारी मी बंद पडलो, तेही छोटी शाळेतल्या नाटुकल्यातलं काम करून दाखवत असताना. आजींनी फोन पालथा टाकला नाही. जिन्याने वर जाऊन भाचीला बोलावून आणलं. भाचीने कपडे उचलले आणि माझ्या पाठीला हात लावून पटकन मागे घेतला. "मावशी, भाजलाय नुसता," ती हातांनीच म्हणाली. मला गार होऊ दिलं, फुंकर घातली, ब्रशने भोकं साफ केली. मी पुन्हा सुरू झालो आणि छोटीने नाटुकलं पहिल्यापासून करून दाखवलं.

तेव्हा मित्रांनो, राउटर घ्यायचा झाला तर त्याच्या अँटेना मोजत बसू नका. घर केवढं, लाइन कसली आणि आपल्याला त्यातून काय न्यायचं आहे, ते आधी बघा. आणल्यावर त्याला लोखंडी कपाटात कोंडू नका, त्याच्यावर कापड टाकू नका, अधूनमधून धूळ पुसा. आणि समोरच्याचं बोलणं अर्धवट पोचलं, तर रागावण्याआधी एकदा नीट विचारून घ्या. कधी कधी चूक त्याची नसते, आम्हा राउटरांची असते.

आता सुट्टी लागली आहे. छोटी आणि तिची आई कालच सामानासकट घरी आल्या आहेत. फोन कुठे तरी उशीखाली पडला आहे. खाली जमिनीवर आजी आणि छोटी समोरासमोर मांडी घालून बसल्या आहेत आणि दोघींचे हात भराभर चालले आहेत. माझ्यातून यातलं काहीच जात नाही. मी नुसता चालू आहे.