सात नंबरची कूस

कॉम्प्युटरवर पान उघडलं आणि बाराच्या बारा खाटांच्या घंटा एकदम ठणाणल्या.

"अगं बाई! आग लागली की काय?" मेट्रनबाईंनी कान झाकले.

बावीस वर्षं सिस्टरने याच वॉर्डात माणसं उचलली, बसवली, कुशीवर वळवली. मग कंबर गेली. डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली, तेव्हा घरी बसायचीच पाळी होती. पण कॉम्प्युटर खोलीतले तात्या मध्ये पडले. "सहा महिने द्या, मी शिकवतो. जमलं तर ठेवा," म्हणाले. त्यांची कोणी लागत नव्हती ती! ते सहा महिने आज संपत होते, आणि कोणाची कूस कधी बदलायची हे वॉर्डाला सांगणारं तिचं पहिलंवहिलं पान टेबलावर असं बोंबलत होतं.

"तात्या, तुम्हीच बघा ना," ती रडवेली झाली.

तात्यांनी हात पाठीमागे बांधले. देवमाणूस, पण शिकणाऱ्याच्या कीबोर्डाला बोट लावायचा नाही म्हणजे नाही. "घंटेच्या ओळीवर बोट ठेव आणि मोठ्यांदा वाच."

"सेटटाइमआउट, कंस, घंटावाजव, कंस उघडा, कंस बंद, स्वल्पविराम, वेळ..."

"थांब. सेटटाइमआउटला काय काय सांगायचं असतं?"

"कुठलं काम करायचं आणि किती वेळाने."

"मग कामाचं नुसतं नाव सांग की! पुढे कंस टाकलेस म्हणजे आत्ताच हाक मारलीस. आलं ते बिचारं धावत. नव्या नर्सला चारचं इंजेक्शन सांगायचीस, ते काय सांगता सांगताच टोचून मोकळी व्हायचीस?"

मेट्रनबाईंना हसू फुटलं. सिस्टरने जीभ चावली आणि ते दोन कंस पुसले. बाराही खाटांच्या घंटा त्या एकाच ओळीवर चालत होत्या. सात नंबरच्या आजोबांना वळवायची वेळ झालीच होती, म्हणून त्यांची घंटा दोन मिनिटांवर लावून तिने पान पुन्हा उघडलं.

चिडीचूप. एक मिनिट गेलं. आता वाजलीच नाही तर? मेट्रनबाई घड्याळाकडे बघत उभ्याच.

टण्ण! एकच घंटा. खाट सात.

बावीस वर्षांची सवय, सिस्टर ताडकन उठली. कंबरेत कळ आली, तशी टेबलाला धरून उभी राहिली. तोवर तरुण नर्स पोचलीसुद्धा. तिने पाठीखाली हात घातला, उशी सारली. आजोबा अलगद डाव्या कुशीवर वळले आणि हुश्श म्हणाले.

"हिला आता कुठे पाठवायचं नाही," मेट्रनबाई जाता जाता म्हणाल्या.

सिस्टर तात्यांकडे वळली. "तात्या, तुम्ही नसतात तर मी..."

"पुरे. शेवटच्या ओळीला अर्धविराम नाहीये."

"त्याच्यावाचून चाललं की!"

"चालतं. पण हाताला वळण चांगलंच लावावं."

तिने आधी डोळे टिपले, मग अर्धविराम टाकला. पलीकडे आजोबांना झोप लागली होती.