म्हसोबाचं कवच

बोलण्याच्या भरात माणूस काय काय बोलून जातो! शांभवीही बोलून गेली होती, आणि आपण फार शहाणपणाचं बोललो असं तिला आठ महिने वाटत होतं.

ती पेठ वडगावच्या एका व्यापाऱ्याची मुलगी. जुन्या बौद्ध शिल्पांत पूजेला पुढे कोण असतं, बाई की पुरुष, यावर ती कोल्हापुरात पीएच.डी. करत होती. गडमुडशिंगीपलीकडच्या एका वाडीत तिला एक दगड सापडला. वाडीचा तो म्हसोबा. अंगावर शेंदराचे थरावर थर, आणि बायकांना उंबऱ्याच्या आत मज्जाव. तिनं उंबऱ्यावरूनच बॅटरी मारून पाहिलं. एका बाजूला स्तूप, दुसऱ्या बाजूला हात जोडलेले चार पुरुष, आणि त्यांच्या पुढे शेंदरात बुडालेली एक आकृती. कोपरापाशी तेवढा टवका उडाला होता, तिथं बांगड्या दिसत होत्या. बाई पुढे आणि पुरुष मागे! तिचे मार्गदर्शक सर मात्र म्हणाले, "कडी पुरुषही घालायचे. अंग दाखवा, मग बोला."

अंग दिसणार होतं. शेंदूर फार जाड झाला की त्याचं अख्खं कवच सुटून येतं. ते नदीत सोडतात आणि देवाला नव्यानं शेंदूर लावतात. तिथला पुजारी केरबा गुरव म्हणाला, "पाडव्याच्या आसपास सुटंल की. कळवतो." त्या आनंदात हिच्या तोंडून निघालं, "काका, हा म्हसोबा नाहीच. ही बाई आहे. मग आम्हालाच बाहेर का ठेवता?" केरबा नुसता हसला.

अठ्ठ्याण्णवच्या पाडव्यानंतर त्याचं कार्ड आलं. शांभवी मैत्रिणीचा कॅमेरा घेऊन धावत गेली.

दगड उघडा होता. छातीच्या जागी टाकीचे ताजे, पांढुरके घाव होते. बांगड्यांचे हात तासून गुळगुळीत केले होते. ओठावर मिशी कोरली होती, चांगली झुपकेदार.

शांभवी उंबऱ्यावर बसली.

"काका, हे कुणी केलं?"

"गावानं. तुमच्या वडगावचाच पाथरवट आणलाता." केरबाच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता. "तुमी सांगितलासा म्हणून ध्यान ठेवलं. कवच सुटलं, तर खरंच बाई निघाली की वो! चार पिढ्या आमी बाईफुडं नारळ फोडत हुतो. गावाची लाज राखलीसा, ताई."

त्यानं प्रसादाचं खोबरं पुढं केलं आणि हिनं ते घेतलं. किंचाळावंसं वाटत होतं, पण कुणावर? दोन हजार वर्षं त्या बाईला कुणी ओळखलं नाही, म्हणून ती धडधाकट होती. ओळखणारी भेटली आणि आठ महिन्यांत तिचा निकाल लागला.

ती निघाली तेव्हा केरबाच्या बायकोनं, झुंबरबाईनं, तिला हाताला धरून गोठ्यात नेलं. कडब्यामागं लुगड्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. झुंबरबाईनं ते उलगडलं.

ते शेंदराचं कवच होतं, आतली बाजू वर केलेलं. दगडाचा हुबेहूब साचा त्यात उतरला होता. छातीचे दोन खळगे, कोपरापर्यंत बांगड्यांच्या रेषा, ओंजळीत दिवा. मिशी नव्हती. त्या खळग्यांत हळदकुंकू, तांदूळ आणि हिरव्या बांगड्या.

"नदीत सोडाय दिलतं मला," झुंबरबाई म्हणाली. "उलटं करून बघितलं तर बाई. जित्या बाईला पाण्यात ढकलल्यागत वाटलं. आता मंगळवारी दुपारी आमी बायाच येतो हितं. हिला शिवलं तरी चालतंय."

पुरावा समोर होता. एक फोटो, आणि सरांचं तोंड बंद. शांभवीनं कॅमेरा काढला.

झुंबरबाईनं अडवलं नाही. एवढंच विचारलं, "ह्येबी सांगनार हायसा व्हय कुणाला?"

शांभवीनं कॅमेऱ्याला झाकण लावलं.

प्रबंधातलं ते प्रकरण गेलं. "मी म्हणत होतो ना," सर म्हणाले, "पुरुषच निघाला?" ती "हो सर" म्हणाली. पुढच्या मंगळवारी ती डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन गडमुडशिंगीच्या बसमध्ये बसली.