पिवळा दिवा लागला तर (गॅरेजच्या भिंतीसाठी नवी सूचना)

स्टिअरिंगसमोरच्या काट्यांमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला तर घाबरू नका. आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघा. सैल असेल तर घट्ट करा. दोन-चार दिवसांत दिवा आपोआप जातो.

माझे वडील घाबरले नव्हते.

ते शिंपी. हात थरथरायला लागले तसं दुकान बंद केलं. मग आई गेली. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी, दुपारी गॅरेज थंड असताना, गाडी घेऊन दारात.

"दिवा लागलाय रे."

मी स्कॅनर लावायचो. टाकीतून हवा गळतेय, एवढंच. दिवा पुसून टाकायचो.

"बाबा, झाकण कट्ट वाजेपर्यंत फिरवत जा."

"वाजलं होतं. चहा घेऊ या?"

"आत्ता? गाडी वर टांगलीय, बघा ना."

"मग राहू दे टांगलेली दहा मिनिटं. पळून थोडीच जातेय."

नाही घेतला. एकदाही नाही.

सूचना पुढे चालू. दिवा पुन्हा पुन्हा लागत असेल तर झाकण बदला.

पाचव्या गुरुवारी बदललं. जुनं भंगाराच्या डब्यात टाकलं. "घ्या, आता वर्षभर इकडे यायला नको."

"जुनं देतोस मला?"

"काय करणार? शर्टाला लावणार?"

ते हसले. थोडेसेच.

(हे भिंतीवर लिहायचं नाही.)

सगळ्यात महत्त्वाचं: दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय? स्थिर असेल तर सवडीने या. लुकलुकत असेल तर गाडी आहे तिथेच बंद करा. मी येतो. हा प्रश्न मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो. जुन्या सूचनेतही होता, ठळक अक्षरात, बाबा बसायचे त्या स्टुलाच्या बरोबर वर.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला.

"दिवा लागलाय. खरंच लागलाय."

तो "खरंच" मला ऐकू आला नाही. खोडतो. ऐकू आला. पण हात ग्रीसने भरलेले, फोन खांद्यात धरलेला, आणि मनात आलं, झालं यांचं सुरू.

"झाकण घट्ट करा आणि चालवा."

"बरं."

चालवली. दिवा लुकलुकत होता. एक सिलिंडर पेटत नव्हता आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या जाळीत जाऊन जळत होतं. चढावर, भर रहदारीत गाडी बंद पडली. मागे हॉर्न, शिव्या. दोघा अनोळखी माणसांनी ढकलून कडेला लावली. मी पोचलो तेव्हा ते फुटपाथवर बसले होते, झाकण हातात घेऊन.

"घट्टच होतं रे."

मग चावी माझ्या हातात दिली. "विकून टाक. माझ्याच्याने आता नाही व्हायचं."

मी गाडी दुरुस्त केली. विकली नाही. ते काही आले नाहीत.

परवा भंगाराचा डबा उपसला आणि ते जुनं झाकण हाती लागलं. रबरी कड्याखाली दोरा. काज शिवायचा जाड दोरा, दोन वेढे, शेवटी गाठ. ती गाठ मी लहानपणापासून माझ्या बटणांवर बघत आलोय. झाकण कट्ट वाजेल आणि हवाही गळेल, असं बेतून केलेलं काम. त्यातून दिवा लगेच लागत नाही, दोन-तीन दिवस गाडी फिरवावी लागते. म्हणजे सोमवारी ते दोरा लावत. मंगळवार, बुधवार नुसतेच फिरत. थरथरत्या हातांनी.

सूचना इथे थांबली आहे.

ते झाकण मी त्यांच्याच गाडीला लावलं आणि फिरत राहिलो. चौथ्या दिवशी दिवा लागला. तसाच त्यांच्या दारात गेलो.

"बाबा, दिवा लागलाय."

त्यांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं.

"स्थिर आहे की लुकलुकतोय?"

"स्थिर आहे."

"मग झाकण घट्ट कर आणि चालव," म्हणाले, आणि खुर्चीत जाऊन बसले.

चहाचं त्यांनी विचारलं नाही. मीच आत जाऊन आधण ठेवलं. साखरेचा डबा कुठे असतो, ते मला माहीत नव्हतं.