गुणाबाईंचा वाफा

"सरक ना मावशी," दवाखान्यातला पोरगा बजरंग म्हणाला. त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप होता. "मॅडम मलाच बोलून राहिल्या."

गुणाबाई लिलीच्या वाफ्यात मांडी घालून बसल्या होत्या. डोक्यावर बाळंतिणींच्या खोलीची खिडकी, उघडी. आत एक बाळ रडत होतं.

"मार. आदी माज्यावर मार, मंग झाडावर."

हदगावातल्या त्या खाजगी प्रसूतिगृहात त्या नऊ वर्षं झाडलोट करत होत्या. लिली मात्र कुणी सांगितली म्हणून लावलेली नव्हती. कुठून कुठून कांदे मागून आणून त्यांनी हा वाफा उभा केला होता. या फाल्गुनात त्यावर मावा पडला. कोवळ्या पानांची पाठ आणि कळ्यांचे देठ हिरव्या किड्यांनी भरून गेले, पानं मुरडली, चिकट झाली, मुंग्यांची रांग लागली. त्यात रविवारी नव्या इमारतीचं उद्घाटन, म्हणून व्यवस्थापक उज्ज्वला मॅडमनी जालीम औषध मागवलं होतं.

आरडाओरडा ऐकून मॅडम बाहेर आल्या. खिडकीत दोनतीन बायका जमल्या होत्या.

"गुणाबाई, ऊठ. तमाशा नको."

"खिडकी बघा मॅडम. आत एका दिसाची लेकरं हायत. हे औषध काय करतंय ते माज्या घरात बसलंय. सात वर्सं झाली."

मॅडमना ते ठाऊक होतं. गुणाबाईंचा नवरा दगडोबा कापसावर फवारत असताना पंपाची नळी फुटली होती आणि औषध थेट डोळ्यांत जाऊन त्याची दृष्टी गेली होती. तेव्हापासून तो घराच्या उंबऱ्याबाहेर पडला नव्हता.

मॅडम खिडकीतल्या बायकांकडे बघत म्हणाल्या, "चार दिवस देते. मावा दिसला तर सगळं उपटून फरशी टाकीन."

"टाका. पन चार दिस कुनी हात लावायचा न्हाई."

त्याच दुपारी त्यांनी पाण्याची बारीक धार मारून मावा झाडला. मग साबणाचं पातळ पाणी, संध्याकाळी निंबोळीचा अर्क. ज्या झाडांच्या पानांवर माव्यानं आणलेल्या रोगाचे पिवळे पट्टे उमटले होते ती वाचणार नव्हती. अशी अकरा झाडं त्यांनी स्वतःच्या हातानं कांद्यासकट उपटली आणि लांब नेऊन जाळली.

पण दुसऱ्या दिवशी पानं पुन्हा चिकट. हिरव्या पानावरचा हिरवा किडा त्यांच्या पन्नाशी उलटलेल्या नजरेला दिसत नव्हता. रात्री जेवताना त्यांनी दगडोबाला ते सांगितलं.

"मला ने," तो म्हणाला. "तुला दिसत न्हाईत. माज्या बोटाला लागतील."

सकाळी वाफ्याशी येताच तो थबकला. नाक वर करून वास घेत राहिला.

"औषध हाय का?"

"न्हाई वो. साबन हाय."

मग तो बसला. एकेक पान दोन बोटांत धरून उलटं करायचं, देठापासून शेंड्यापर्यंत चाचपायचं. चिकट लागलं की "हितं" म्हणायचं. गुणाबाई ओल्या फडक्यानं पुसून घेत. दोन दिवस नुसतं "हितं, हितं" चाललं होतं.

पाचव्या दिवशी मॅडमनी पांढरा रुमाल पानांखालून फिरवला. रुमाल स्वच्छ निघाला. शेवटी एका देठावर ठिपक्यांचा लाल किडा सापडला.

"हा काय मग?"

"त्यो ढालकिडा. मावा खातो. त्यो आपल्याकडचा हाय मॅडम."

वाफा राहिला. पण मॅडमनी खोलीत बोलावून एक कागद पुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं: पेशंटसमोर गैरवर्तन केलं, चूक झाली, माफ करावं.

"अंगठा लाव. विषय संपला."

"सही येती मला."

त्यांनी कागद सावकाश वाचला. 'चूक झाली'वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'लेकरांच्या खिडकीखाली विष मारू दिलं नाही. पुढंही देणार नाही.' त्याखाली पूर्ण नाव.

मॅडमनी वाचलं. "मग एक तारखेपासून येऊ नकोस."

"बरं."

महिनाअखेरीला त्यांनी बजरंगला वाफ्याशी बसवलं. "पान उलटं करून बघायचं. वरून समदी हिरवीच दिसत्यात. अन् मुंगी चढली की समजायचं, खाली मावा हाय."

बजरंगनं मान हलवली. "मावशी, त्या दिवशी तुज्यावर मारायला माजा हातच चालला नसता."

"ठावं हाय. म्हनून तर बसले."

दगडोबा फाटकाशी काठी घेऊन उभा होता. गुणाबाईंनी सवयीनं हात पुढं केला. पण तो आधीच वळला होता. काठी टेकत, रस्त्याची कड चाचपत तो घराच्या वाटेला लागला. गुणाबाईंनी हात मागं घेतला आणि त्याच्या मागून चालू लागल्या.